पोळ्याच्या दिवशी पाठ दुखते का?

माझ्या दवाखान्यात खुर्च्या रिकाम्या असताना जो माणूस भिंतीला टेकून उभा राहतो, तो बहुतेक माझाच पेशंट असतो. बसलेल्यांपैकी निम्म्यांना हाडांच्या डॉक्टरकडे जायचं असतं आणि ते चुकून माझ्याकडे आलेले असतात. उभा असलेला चुकून आलेला नसतो. बसलं की त्याची पाठ धरते, म्हणून तो उभा असतो, आणि बसायला सांगितलं की ओशाळून हसतो.

मी यवतमाळात संधिवाताची डॉक्टर आहे. लेख मागताना संपादकांनी बजावलं की औषधांची नावं नकोत, आकडे नकोत आणि वाचताना वाचकाला आपलीच पाठ दुखतेय असं वाटायला नको. पहिल्या दोन अटी मी पाळते. तिसरी कोणालाच पाळता येत नाही. मी काय काम करते हे सांगितलं की लग्नाच्या पंगतीतसुद्धा समोरचा कमरेवर हात ठेवतो.

माझं काम काय, ते आधी सांगते. मी कापत नाही, प्लास्टर घालत नाही, वजनं लटकवत नाही, त्यामुळे बऱ्याच लोकांना मी अर्धीच डॉक्टर वाटते. शरीराची राखण करणारी फौज कधीकधी घरच्यांवरच उलटते आणि सांधे, कातडी, डोळे, जे सापडेल ते सुजवते. ती सूज मी शोधते आणि उतरवते. सोरायसिस हा त्यातलाच आजार. लोक त्याला नुसता कातडीचा रोग समजतात, पण चट्टे असलेल्यांपैकी काहींचे सांधे सुजतात आणि काहींचा कणासुद्धा. कण्यातली सूज वर्षानुवर्षं राहिली तर मणके एकमेकांना जुळून जातात. मग मान वर होत नाही, वळत नाही, माणूस अख्खा फिरून मागे पाहतो. एकदा जुळलेले मणके मी सुटे करू शकत नाही. म्हणून माझ्या कामात सतत घाई असते, आणि घाई करणाऱ्याला जे लागतं तेच कमी असतं, म्हणजे खात्री.

आमच्या भागात पाठ दुखणाऱ्या प्रत्येकाच्या मणक्यात गॅप असते. "ग्याप आहे मॅडम, फोटोत निंगाली." ही गॅप कोणी पाहिली हे विचारायचं नसतं. गॅपवर पट्टा मिळतो, तेल मिळतं, मालिशवाला मिळतो आणि माणूस पाच-सहा वर्षं त्यात गुंतून राहतो. तोवर सूज आपलं काम करून जाते.

खरं तर दोन पाठदुख्या वेगळ्या ओळखणं सोपं आहे. ओझं उचलून दुखणारी पाठ आराम केला की बरी होते. सुजेची पाठ उलटी, ती आरामानं वाढते आणि हालचालीनं सैल होते. पुस्तकात म्हणून एकच प्रश्न दिलाय, आराम केल्यावर दुखणं वाढतं का? नोकरीच्या सुरुवातीला मी हा प्रश्न सगळ्यांना विचारायची आणि कोणीच धड उत्तर द्यायचं नाही. शेवटी कळंबकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मला झापलं. "आराम बैलाले भेटते बाई, पोयाच्या दिवशी. मले कोन देते?" मग तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "पन हाव, पोयाले लय दुखते, काहून तं."

तेव्हापासून मी पुरुषांना पोळ्याचं विचारते. बैल जुंपायचे नाहीत, शेतात जायचं नाही, माणूस दिवसभर पारावर बसलेला. बायकांना पोळ्याचं विचारून उपयोग नसतो, त्या दिवशी त्यांना पुरणाचं काम दुप्पट. त्यांना मी विचारते, माहेरी गेल्यावर पाठ जास्त दुखते का? हा प्रश्न विचारल्यावर ढाणकीची एक सून माझ्यासमोर रडायला लागली होती. सासरी पहाटेपासून राबताना ती बरी असायची आणि माहेरी अंथरुणाला पाठ टेकली की अवघडायची. आईच म्हणायची, सासरी नीट राहतेस आणि इथं आली की दुखणं काढतेस. तिचं दुखणं खोटं नाही हे सांगायला तिला यवतमाळपर्यंत यावं लागलं, याचा मला अजून राग येतो.

आता देवीदास राठोडबद्दल सांगते, कारण हा लेख त्याच्यामुळेच लिहितेय. तो फुलसावंगीजवळच्या एका बंजारा तांड्यावरचा शेतकरी, चाळिशीच्या आतला, कापूस आणि तूर पेरणारा. बायको शांताबाईंबरोबर आला तेव्हा कापसाची वेचणी चालू होती. पहाटेच्या एसटीत बसायला जागा असूनही तो यवतमाळपर्यंत उभ्यानं आला होता आणि माझ्याकडेही उभाच होता. गॅप होतीच. पट्टा होता. मी तपासायला हात लावण्याआधी नेहमीचा प्रश्न विचारला, "पोळ्याच्या दिवशी पाठ जास्त दुखते का?"

नवराबायकोनं एकमेकांकडे पाहिलं. देवीदासचा चेहरा उतरला. "तुमाले कोनं सांगतलं?" त्यानं विचारलं.

"कोणी नाही. मी सगळ्यांनाच विचारते."

त्याचा विश्वास बसला नाही. शांताबाई त्याच्याशी गोरबोलीत काही बोलल्या, तो नाही नाही म्हणत राहिला, शेवटी त्यांनीच सांगितलं. काही वर्षांपूर्वी सारखा पाऊस होऊन शेतात गवत माजलं आणि नेमकी पोळ्याच्या दिवशी उघाड मिळाली. देवीदासनं सकाळी कोणी पाहत नाही असं बघून बैल जुंपले आणि डवरणी करून गवत काढून घेतलं. आमच्याकडे पोळ्याला बैल जुंपणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-लोण्यानं शेकून त्याला जेवायचं आवतण देतात आणि दुसऱ्या दिवशी हा त्यालाच कामाला लावतो. त्याच वर्षी पाठ दुखायला लागली. आईनं, म्हणजे त्यांच्या याडीनं, निकाल देऊन टाकला की बैलांनी तळतळाट दिला.

देवीदासनं प्रायश्चित्त घेतलं. दर पोळ्याला बैलांची पूजा झाली की त्यांच्यासमोर मांडी घालून बसायचं आणि दिवस मावळेपर्यंत उठायचं नाही. आणि दर पोळ्याला संध्याकाळी त्याला दोघांनी धरून उभं करावं लागायचं. म्हणजे बैलांचा राग अजून गेला नाही. म्हणून पुढच्या वर्षी आणखी वेळ बसायचं.

मी हसले नाही, पण हसू आलं होतं हे कबूल करते. मी त्याला समजावलं की राग असता तर वेगळं, तू बसून राहतोस म्हणूनच दुखतं. हा आजारच तसा आहे. तो ऐकत होता. माझी अपेक्षा होती की त्याच्या जिवावरचं ओझं उतरेल. पण तो म्हणाला, "बैलाचा राग असता तं कधी ना कधी उतरला असता मॅडम. आजार कुठं उतरते?"

मग मी त्याला शर्ट वर करायला लावला आणि बेंबी पाहिली. पाठ दुखते म्हणून आलेल्याची बेंबी पाहणारी डॉक्टर हा आमच्या भागात थट्टेचा विषय आहे, मला माहीत आहे. पण सोरायसिस अशाच जागी लपून बसतो. बेंबीत, कानामागे, केसांत, टाचेखाली. देवीदासच्या बेंबीत लालसर खपली होती आणि कानामागेही. कोपरांवर चट्टे होते, ते लपवायला तो उन्हाळ्यातही लांब बाह्या घालायचा. "महारोग तं नाई?" हे शांताबाईंनी इतक्या हळू विचारलं की मला दोनदा विचारावं लागलं. आणखी एक गोष्ट त्यांच्याकडूनच कळली. मध्ये दोनदा त्याचा डावा डोळा लालभडक होऊन उजेड सहन होईनासा झाला होता. ती आतल्या सुजेची खूण, आणि ती वारंवार झाली तर नजर जाऊ शकते.

तपासण्या झाल्या. मानेच्या आणि पाठीच्या मणक्यांत सूज होती, जुळणं अजून सुरू झालं नव्हतं. म्हणजे वेळेत आला होता. सुजेच्या गोळ्या बदलून पाहिल्या, फरक नाममात्र. मग राहिली ती नवी इंजेक्शनं, ज्यांना आम्ही बायोलॉजिक म्हणतो. महाग असतात, पण हल्ली आवाक्यात आली आहेत आणि त्याची सोय झाली. आमचं घोडं अडलं ते कोणतं द्यायचं यावर.

माझ्या वरच्या मजल्यावर मुकुंद बसतो. तो कातडीचा डॉक्टर, माझ्याच कॉलेजचा, आणि आम्ही चहाच्या वेळी भांडलो नाही तर खालच्या मेडिकलवाल्याला चुकल्यासारखं वाटतं. देवीदासचे चट्टे दाखवायला मी त्याला खाली बोलावलं आणि तिथंच आमची जुंपली.

हा वाद नीट समजायला थोडं ऐकून घ्या. सूज पेटवणारे काही पदार्थ शरीरात असतात आणि प्रत्येक इंजेक्शन त्यातल्या एकाला धरून ठेवतं. पहिलं इंजेक्शन जुनं, कण्याला चांगलं, डोळ्यालाही चांगलं. पण त्याच्यात एक खोट आहे. टीबीचे जंतू आपल्यापैकी अनेकांच्या शरीरात निपचित पडलेले असतात, शरीर त्यांच्याभोवती कुंपण घालून ठेवतं. हे इंजेक्शन त्या कुंपणाच्या तारा ढिल्या करतं. देवीदासच्या वडिलांना मागे टीबी झाला होता, घर एकच, आणि देवीदासच्या रक्ताच्या तपासणीत हे झोपलेले जंतू असल्याची खूण सापडली होती. दुसरं इंजेक्शन नवं. ते कातडी धुतल्यासारखी स्वच्छ करतं, कण्यालाही लागू पडतं आणि टीबीची भीती त्यात फार कमी. पण डोळ्याच्या बाबतीत त्याचा भरवसा नाही. तिसरंही एक आहे, कातडीला उत्तम, कण्यावर चालतं की नाही यावर मोठमोठ्यांची डोकी फुटतात. नागपूरच्या एका परिषदेत मी दोन नामवंतांना एकाच आलेखावरून उलटसुलट गोष्टी सिद्ध करताना पाहिलंय. जेवताना दोघे एकमेकांना गुलाबजाम वाढत होते.

मूळ अडचण वेगळीच आहे. कणा ताठ करणारा एक जुना, ओळखीचा आजार आहे आणि बरेचसे प्रयोग त्याच्यावर झालेत. सोरायसिसचा कणा हा त्याचाच भाऊ की कोणी निराळाच, हे अजून ठरलेलं नाही. तोवर आम्ही शेजारच्या शेतातलं पीक पाहून आपल्या शेतात पेरणी करतो.

"वसू, तू याला पहिलं देणार? बापाला टीबी झालेला, घरात दोन लहान पोरी," मुकुंद म्हणाला. "काहून जीव धोक्यात घालते?"

"आधी महिनाभर टीबीच्या प्रतिबंधाच्या गोळ्या सुरू करीन, मग इंजेक्शन. त्या गोळ्या पुढंही चालू ठेवीन."

"अन् त्या त्यानं सोडल्या म्हणजे?"

"अन् तुझ्या इंजेक्शननं डोळा गेला म्हणजे?"

यापुढचं सगळं इंग्रजीत झालं आणि आवाज चढत गेले. मुकुंदनं माझ्यावर हट्टीपणाचा आरोप केला, मी त्याच्यावर चट्ट्यांपलीकडे माणूस न दिसण्याचा. देवीदास भिंतीला टेकून आमच्याकडे आळीपाळीनं पाहत होता. मान सुजेनं आखडल्यामुळे त्याला दर वेळी खांद्यासकट फिरावं लागत होतं. ते मला दिसत होतं, तरी मी थांबले नाही.

थांबवलं शांताबाईंनी. "मॅडम, आमी इथंच आहो," त्या म्हणाल्या. "भांडा तुमी. भांडल्याबिगर निकाल लागत नाई, आमच्या तांड्यातबी नाई लागत. पन मराठीत भांडा. पाठ ह्यायची आहे, ह्यायले समजू द्या. अन् तुमचं भांडन होयेपर्यंत पाठ काई थांबून राह्यली नाई."

मग आम्ही मराठीत भांडायला बसलो आणि पंचाईत झाली. मुकुंदला शब्द सापडेनात, मला वाक्यं जुळेनात. इंग्रजीत अर्धा तास पुरलेलं वादळ मराठीत एवढंच उरलं की एका इंजेक्शनात टीबीची भीती आणि दुसऱ्यात डोळ्याची. कण्याचं म्हणाल तर दोन्ही बरी, कोणतं जास्त बरं हे आम्हाला माहीत नाही. हे शेवटचं वाक्य मी पेशंटसमोर इतक्या उघडपणे पहिल्यांदाच बोलले.

देवीदासनं तो प्रश्न विचारला जो सगळे विचारतात आणि जो मला आवडत नाही. "तुमच्या घरचा मानूस असता तं कोनतं देल्लं असतं?" मी आणि मुकुंद एकदमच बोललो आणि दोघांनी वेगवेगळं उत्तर दिलं. देवीदास हसला. त्याला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"टीबी मी पाह्यला आहे," तो म्हणाला. "बाले झालता. गोया खाल्ल्या, आज शेतात जाते. आंधया मानूस म्या घरात पाह्यला नाई. मले डोया पाह्यजे."

मी त्याला सांगितलं की इतकं सोपं नाही. या इंजेक्शनावर असताना टीबी उठला तर तो साध्या टीबीसारखा वागत नाही, अंगभर पसरू शकतो. त्यानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "मंग तुमी पाहत राहा."

मुकुंद जाताना दारात थांबून एवढंच म्हणाला, "खोकला आला तर मला सांगायला येऊ नको."

पाहत राहा म्हणणं सोपं. मी कॉलेजात असताना मला वाटायचं की डॉक्टरला निर्णय घेताना धडधडतं आणि घेतला की शांत वाटतं. माझं उलटं आहे. निर्णय घेईपर्यंत मी भांडकुदळ असते आणि घेतल्यावर माझी झोप पातळ होते. प्रतिबंधाच्या गोळ्या तो खातोय का, हे मी शांताबाईंना फोन करून विचारायची. इंजेक्शन सुरू झालं तेव्हा ते गावच्या मेडिकल दुकानाच्या फ्रिजमध्ये ठेवायचं ठरलं. हेही मी दहादा बजावलं, कारण ढाणकीच्या एका निवृत्त मास्तरांनी त्यांचं इंजेक्शन बर्फाच्या कप्प्यात ठेवून दगड करून टाकलं होतं. थंड ठेवायला सांगितलंत, मी जास्त थंड ठेवलं, असं ते अभिमानानं सांगत आले होते. गोठलेलं औषध मेलेलं असतं, हे ऐकून त्यांचा चेहरा असा झाला की मला त्यांना रागावताही आलं नाही.

देवीदासची पाठ हळूहळू सैल होत गेली. उन्हाळ्यात तो आला तेव्हा माझ्यासमोर खुर्चीत बसला आणि बसल्याचं त्याच्याही लक्षात आलं नाही. डोळा शांत होता. कोपरावरचे चट्टे मात्र तसेच होते, थोडे फिके झालेले. मुकुंद मुद्दाम खाली येऊन ते पाहून गेला. त्याच्या इंजेक्शननं एव्हाना कातडी निवळली असती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

पावसाळ्यात देवीदासला खोकला झाला. शांताबाईंनी फोनवर सहज सांगितलं, सर्दी-पडसं आहे म्हणून, आणि मी त्याला त्याच दिवशी एसटीत बसायला लावलं. छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली, वजन केलं. अहवाल येईपर्यंत मी जेवायला बसले की उठायची. मुकुंदकडे मी गेले नाही, त्यानं बजावलं होतं, पण तोच खाली आला आणि चहाचे दोन कप ठेवून बसला. साधा पडशाचा खोकला निघाला. मुकुंद म्हणाला, "या वेळेस." मी म्हटलं, "हो, या वेळेस."

यंदा पोळ्याच्या आधी मी देवीदासला फोनवर सांगितलं की बैलांसमोर दिवसभर बसू नकोस, मधून मधून चाल. त्यानं नाही म्हटलं. "औषध तुमचं मॅडम, बैल माह्ये. बसीन." मी चिडले. इतक्या महिन्यांची कमाई हा एका दिवसात पणाला लावणार, असं मला वाटलं. शिवाय एक भीती अशी की त्या दिवशी दुखलं तर औषध लागू पडलं नाही हे कळेल, आणि मग मुकुंदचं इंजेक्शन, पुन्हा तोच वाद, आणि गेलेले महिने कोणाच्या नावावर लिहायचे? पोळ्याचा प्रश्न इतकी वर्षं मी लोकांना विचारत आले. त्या दिवशी तो मला स्वतःला विचारल्यासारखा वाटत होता.

पोळ्याला दवाखाना ओस असतो. गावातून बैलांच्या मिरवणुकीची वाजंत्री ऐकू येत होती. दुपारी मी देवीदासला फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा शांताबाईंनी उचलला.

"कुठं आहेत ते? पाठ कशी आहे?"

"बैलायपुढं बसले होते सकायपासून," त्या म्हणाल्या. "पुरनाच्या पोया जेवले अन् तिथंच लवंडले. झोपून राह्यले. याडी म्हनते उठवू नका, पाह्यलं नाई कधी याले असं झोपलेलं. उठवू का मॅडम?"

"नको," मी म्हटलं. मग राहवेना. "खोकला?"

"खोकला कायचा, घोरून राह्यले. आयका."

त्यांनी फोन नेऊन कुठंतरी जवळ धरला. आधी बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आला, मग माणसाचं मोठ्यानं, बिनघोर घोरणं. शांताबाई पलीकडून विचारत होत्या, आलं का ऐकू? मी म्हटलं, आलं, पण फोन तिथंच राहू द्या थोडा वेळ.